केरू गोताड पुलाखालून चहाला गेला

केरू गोताडची नोकरी काय होती, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं असायचं. पिवळं जाकीट आणि त्यावर काळ्या अक्षरांत ‘पादचारी मार्गदर्शक’. समोरून बघाल तर अठ्ठावन्न वर्षांचा बारीक माणूस, पांढरी मिशी, गळ्यात शिट्टी. पाठ वळली की मार्गदर्शक. रत्नागिरीत मार्गदर्शकांची वानवा कधीच नव्हती, पानाच्या प्रत्येक गादीवर एक बसलेला असतोच. पण पगारी आणि छापील असा हा पहिलाच.

माझं झेरॉक्सचं दुकान चिंचेच्या तिठ्यावर आहे. तीन रस्ते इथं येऊन मिळतात आणि मिळाल्या मिळाल्या भांडायला लागतात. एका अंगाला शाळा आणि दवाखाना, दुसऱ्या अंगाला बाजार, रिक्षा आणि अलीची चहाची टपरी. मधून पालीकडून येणारे ट्रक, एसट्या, आणि सीझनला आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो. माणसं वर्षानुवर्षं हा रस्ता हात वर करून ओलांडत आली. हात वर केला की गाडी थांबते, ही आमची श्रद्धा. गाडीवाल्याची श्रद्धा निराळी निघाली तर दवाखाना जवळच आहे. चिंच आता नाही, पूल बांधताना ती तोडली. तिची आठवण म्हणून पुलाला ‘चिंचेचा पूल’ म्हणायचं असं आधी ठरलं होतं. पण तोवर शहराची ओळख मध्ये आली आणि चिंच मागे पडली.

ओळख आणली नम्रताताई शेट्ये यांनी. शहर शोभा समितीच्या त्या अध्यक्ष. नम्रता त्यांनी नावापुरतीच ठेवली होती. सभेत त्या म्हणाल्या, “प्रत्येक शहराला एक चेहरा लागतो. फोटो बघितल्याबरोबर लोकांच्या तोंडून यायला हवं, हे तर रत्नागिरी!” आम्हांला इतके दिवस वाटायचं की शहराला पाणी लागतं, गटारं लागतात. चेहऱ्याचं डोक्यात आलं नव्हतं.

पुण्याहून एक डिझाइनर आला. त्याने दोन दिवस समुद्र बघितला, सोलकढी प्यायली आणि गलबताच्या आकाराचा पादचारी पूल काढून दिला. गलबत त्याने छप्पर म्हणून वर उलटं घातलं, म्हणजे पावसाचं पाणी निथळावं. मग आंबा बागायतदार उठले. गलबत काय, मालवणातही आहे. आंबा कुठंय? तेव्हा पुलाच्या मधोमध, रस्त्याच्या बरोबर वर, फायबरचा एक अगडबंब आंबा बसवण्यात आला. चढायला बासष्ट पायऱ्या, उतरायला बासष्ट. पायऱ्यांना जांभ्यासारख्या दिसणाऱ्या टाइल्स, त्या गुजरातेतून आल्या. पायाखाली अख्खा तालुका जांभ्याचा, पण खरा जांभा म्हणे फोटोत खोटा दिसतो.

उद्घाटनाच्या दिवशी पडदा ओढला आणि अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेले अर्धे मान वाकडी करून बघत राहिले. बाजाराकडून बघितलं तर तो आंबा होता, तक्रारीला जागा नाही. शाळेकडून मात्र त्याला असा काही बाक आला होता, की तो सरळसरळ काजू दिसत होता. आणि काजू म्हटलं की लोक वेंगुर्ल्याचं नाव घेतात. म्हणजे चेहरा आमचा, नाक शेजाऱ्याचं.

झालं. गावात दोन तट पडले. समर्थ रसाळ म्हणून आंब्याचा तरुण व्यापारी, आजोबांपासून धंदा आंब्याचा. त्याला तो काजू काळजाला लागला. त्याने ‘पूल हटाव’ समिती काढली. नम्रताताईंनी ‘पूल आमची शान’ मंडळ काढलं. पत्रकं दोघांचीही माझ्याकडे, ताईंची सकाळी आणि समर्थची दुपारी. एकदा गठ्ठे बदलले गेले आणि दोन दिवस दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी एकमेकांची पत्रकं वाटली. कुणाच्या लक्षात आलं नाही, घेणाऱ्याच्याही नाही.

या सगळ्या भांडणात एक गोष्ट मात्र दोन्ही तट सारखीच करत होते. पूल कोणीच चढत नव्हतं.

म्हणून केरू आला.

केरूचं गाव पालीच्या पुढे, डोंगरात. विसाव्या वर्षी मुंबई गाठली, आधी सातआठ वर्षं हमाली केली आणि मग फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन म्हणून चिकटला. तिथं सत्तावीस वर्षं. जाळीचा दरवाजा, पितळी दांडा, बसायला लाकडी स्टूल. “मी एवढा वरखाली गेलोय,” तो सांगायचा, “की सरळ वर गेलो असतो तर चंद्रावर पोचलो असतो. पण बसून.” मग इमारतीने बटणांची लिफ्ट आणली. साहेब लोक आपलं आपण बटण दाबायला शिकले आणि केरू गावी परतला. मुलगा नितेश मुंबईतच कुरियरच्या कामाला राहिला. गावी बायको सावित्री होती. तिने इतकी वर्षं घर, भाताची खाचरं आणि सासू एकटीने सांभाळली होती. नवरा कायमचा घरी येतोय हे कळल्यावर ती म्हणाली होती, “येवा. पण दिवसभर पायात येऊ नका.”

दोनतीन वर्षं तो पायात येत राहिला. मग कानावर आलं, की रत्नागिरीत नव्या पुलाला लिफ्ट बसणार आहे आणि माहितगार माणूस पाहिजे. केरू जुना खाकी गणवेश इस्त्री करून घालून आला. ठेकेदाराच्या माणसाने अनुभव विचारला, सत्तावीस वर्षं ऐकून तो उठून उभा राहिला आणि त्याने केरूला जागच्या जागी घेतलं. लिफ्ट कुठंय, हे विचारायचं केरूच्या मनात आलं नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना उंच चौकोनी खोके उभे होते. त्याला वाटलं, आत असेल. आत पारवे होते.

“लिफ्ट येते पुढच्या महिन्यात,” ठेकेदाराचा माणूस म्हणाला. “तोवर ही शिट्टी घ्या. खालून कोणी जायला लागला की वाजवायची आणि वर पाठवायचा.”

पहिल्या दिवशी केरूने शिट्टी वाजवली ती झुबेदाला. झुबेदा मिरकरवाड्याची, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजारात जायला निघालेली. साठीची बाई, आवाज भोंग्यासारखा.

“भाभी, वरून जा,” केरू म्हणाला.

“वर काय हाय?”

“वर पूल हाय.”

“आणि माझ्या पाटीत काय हाय? सुरमई हाय. मी वर चढून खाली येईपर्यंत तिची सुकी होयल. आणि ता वर काय टांगून ठेवलंय रे उलटा? होडी उपडी घालतात ती पावसात, धंदा बंद झाला म्हंजे. माझा धंदा बंद झालाय काय?”

तिच्या मागे एक म्हातारा दवाखान्याची चिठ्ठी घेऊन उभा होता, त्याचा एक पाय आधीच अधू. त्याच्या मागे एक बाई, कडेवर पोर आणि हातात दळणाचा डबा. केरूने वर बासष्ट पायऱ्यांकडे बघितलं, मग या तिघांकडे बघितलं. मग तो रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि त्याने जोरात शिट्टी मारली. ट्रकला. ट्रक थांबला. तिघंही खालून पलीकडे गेली.

त्यानंतर केरूची नोकरी अशीच चालली. सकाळी साडेसातला तो पूल वरून खाली झाडून काढायचा, पाऊस असला तर पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचा. मग खाली उतरून दिवसभर माणसांना पुलाखालून पलीकडे न्यायचा. शाळा सुटायच्या वेळी दोन्ही हात पसरून रस्त्यात असा उभा राहायचा की एसटीचे ड्रायव्हरही मुकाट्याने ब्रेक दाबायचे. जुनी सवय जात नव्हती. म्हातारी माणसं निघाली की तो म्हणायचा, “चला, आत या, सांभाळून, पाय बघा,” आणि पलीकडे पोचल्यावर, “बाजार, रिक्षा, औषधं.” मजला सांगतो तसं.

वर्षभरात तिठ्यावर एकही अपघात झाला नाही. नम्रताताईंनी सभा घेऊन जाहीर केलं की हे पुलाचं यश. त्या सभेलाही लोक केरूच्या शिट्टीवर रस्ता ओलांडून गेले होते.

आता अपघात.

एप्रिलातली गोष्ट. सकाळी दहाची वेळ. समर्थ माझ्या दुकानात निवेदनाच्या सह्यांचे कागद झेरॉक्स करायला आला होता. त्या दिवशी तो ते नगरपालिकेच्या साहेबांना नेऊन देणार होता: पूल पाडा, नाहीतर आम्ही उपोषण करू. गठ्ठा मोठा झाला. मी म्हटलं, दोरी देतो. तो म्हणाला, “कशाला, दोन मिनिटांचं काम.” गठ्ठा त्याने स्कूटरवर पायाशी ठेवला आणि निघाला.

त्याच वेळी केरू चहाला निघाला. चहा अलीच्या टपरीवर, म्हणजे त्या अंगाला. सगळ्या गावाला पलीकडे नेणारा माणूस स्वतः निघाला, की त्याला न्यायला मागे कोणी नव्हतं. शिट्टी गळ्यात होती, पण स्वतःसाठी शिट्टी कोण वाजवतो? लोकांना चमत्कारिक वाटतं.

वारं आलं. गठ्ठ्याच्या वरचे कागद उडाले. समर्थने एक हात सोडून खाली वाकून गठ्ठा दाबला. आणि स्कूटर केरूवर गेली.

मी धावलो. केरू रस्त्यावर आडवा, डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळलेला. त्याच्यावर, स्कूटरवर, अख्ख्या तिठ्यावर ‘पूल पाडा’चे कागद पडत होते. झुबेदाने पाटी खाली टाकली आणि मटकन बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. समर्थ पांढराफटक उभा. अली टपरीतून चहाचा ग्लास हातात घेऊनच धावत आला होता. केरू डोळे मिटून कण्हत होता. त्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, “दे हिकडं. आलाच हायस तर.”

ट्रक थांबलेले होते. त्या दिवशी कोणी हॉर्न वाजवला नाही.

पायात सळी घालावी लागली. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. मी तिथंच बसलो होतो. सावित्री पहाटेच्या गाडीने आली होती आणि येऊन आधी ती रडली, मग चिडली. “सत्तावीस वर्षं लिफ्टीत बसून पायाला काय झालं नाय, आणि एका चहासाठी मोडून घेतलात!”

हवालदाराने विचारलं, “तुम्ही पूल सोडून खालून का निघालात?”

“चहा प्यायचा होता,” केरू म्हणाला.

“ते झालं हो. पण पुलावरून का नाही?”

“चहा त्या अंगाला, मी ह्या अंगाला. मधी रस्ता.”

हवालदाराने तसंच लिहून घेतलं.

तेवढ्यात समर्थ आला. हातात आंब्याची पेटी, डोळे सुजलेले. केरूच्या पाया पडायला तो वाकला, तर प्लास्टर बघून पायाला हात कुठे लावावा ते त्याला कळेना. “केरूकाका, चूक माझी आहे. सगळा खर्च मी बघतो. काय वाटेल ते बोला.” मग त्याच्यातला पुढारी जागा झाला. “पण काका, एक सांगू? पुलावर चढवत नाही म्हणूनच तुम्ही खाली आलात ना? एवढं एकदा पेपरवाल्यांना सांगितलंत तर...”

दारातून आवाज आला, “अजिबात सांगायचं नाही!”

नम्रताताई. मागे फोटोवाला. त्यांनी समर्थकडे असं बघितलं की तो पेटीमागे सरकला. “केरूभाऊ, तुम्ही घाबरू नका. पुलाच्या शत्रूंनी पुलाच्या माणसावर घातलेला हा घाला आहे. आज यांच्यावर तक्रार करा, मी उद्या मोर्चा काढते.”

“कशाचा मोर्चा?” सावित्रीने विचारलं.

“न्यायासाठी.”

“तो पायानंच काढतात ना?” सावित्री म्हणाली. “ह्यांचा मोडलाय.”

दोघंही एकदम बोलायला लागली. सिस्टर आत आली, दोघांना गप्प केलं आणि बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने, जो एवढा वेळ झोपल्यासारखा पडला होता, विचारलं, “पण तो आंबा की काजू?” सिस्टरने त्यालाही गप्प केलं.

केरूने छताकडे बघत सांगितलं, “ताई, मला तक्रार करायची नाय. ह्याचं लक्ष कागदाकडं होतं, माझं चहाकडं. रस्त्याकडं दोघांचं नव्हतं. आणि समर्थ, मी पूल चढवत नाय म्हणून खाली आलो नाय. पूल मी रोज चढतो, झाडतो. मला चहा प्यायचा होता. त्याच्यावर अजून किती येळा सांगू?”

ताई गेल्या. समर्थ मात्र गेला नाही. पेटी फोडून त्याने एकेक आंबा हुंगून बघितला, त्यातला एक बाजूच्या म्हाताऱ्याला दिला, एक सिस्टरला दिला आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिला. पुढचे तीन महिने केरूला तपासणीला ने-आण करायचं काम त्यानेच केलं, त्याच स्कूटरवरून. सावित्री पहिल्यांदा म्हणाली, “ह्याच्या मागं बसणार? पुन्हा?” पण दुसरं वाहन नव्हतं.

केरू घरी होता तोवर तिठ्यावर दुसरा माणूस आला. तो नियमाने शिट्टी वाजवून लोकांना वर पाठवायचा. लोक त्याची नजर चुकवून पुढच्या वळणावरून पळत रस्ता ओलांडायला लागले. दीड महिन्यात चार जण दवाखान्यात गेले. मग शहाण्या माणसांच्याही ध्यानात यायला लागलं, की वर्षभर जे यश मोजलं ते पुलाचं नव्हतं. पूल पाडायचा की ठेवायचा यावर उघड सभा घ्यायचं ठरलं. समर्थचं पारडं जड होतं. पूल जाणार, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

सभेच्या चार दिवस आधी पुण्याच्या एका चॅनेलची माणसं आली. शाळेच्या बाजूला कॅमेरा लावला, नेमका तिथूनच. हातात माइक घेतलेली मुलगी हसत हसत म्हणाली, “रत्नागिरीकरांनी मोठ्या अभिमानानं उभारलाय... चक्क काजू! कोकणी माणसाला आता आंबाही ओळखता येईना का?” मग पुण्यातल्या स्टुडिओत बसलेले दोघं हसले. क्लिप रात्रीत मोबाइलवर फिरली. खाली वेंगुर्ल्याच्या लोकांनी लिहिलं होतं, “आमचा काजू परत करा.” चिपळूणच्या लोकांनी तर काय काय लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाची हवाच बदलली. माझ्या दुकानासमोर, कालपर्यंत ‘हा काजू काढा’ म्हणून सह्या गोळा करणारे लोक मान वाकडी करून उभे होते आणि म्हणत होते, “कुठून दिसतो काजू? चष्मा बदला म्हणावं.” अलीने टपरीवर पाटी लावली: ‘इथून आंबा स्पष्ट दिसतो.’ झुबेदा पाटी घेऊन जाता जाता ओरडली, “पुण्याची पोरं बांगडा आणि बोंबील ओळखत नाय, त्यांनी आमच्या आंब्याला नाव ठेवावं?” आम्ही आमच्या पुलाला वाटेल ते बोलू. पूल आमचा आहे. तुम्ही कोण?

सभेला हॉल भरून माणसं खिडकीत बसली होती. केरूला साक्षीदारासारखं बोलावलं होतं. समर्थनेच त्याला आणून पुढच्या खुर्चीवर बसवलं, कुबडी भिंतीला लावली. आधी नम्रताताई बोलल्या, दणकून. मग समर्थचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, घसा खाकरला, चाळीस पानी भाषण हातात होतं. मीच झेरॉक्स केलं होतं. भाषण त्याने उघडलंच नाही. म्हणाला, “मी तीन पिढ्यांचा आंबेवाला आहे. तो आंबा वाईट आहे. त्याला बाक आहे, रंग चुकलाय, देठ तर भलत्याच जागी आहे. पण आहे तो आंबाच. आणि पुण्याच्या सांगण्यावरून आम्ही काही पाडणार नाही.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. नम्रताताई उठल्या, पुन्हा बसल्या. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

अध्यक्षस्थानी असलेल्या साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. “म्हणजे पूल राहतो. सर्वानुमते. गोताड, तुम्हाला काही बोलायचंय?”

केरू म्हणाला, “मी वायच बसूनच बोलतो.” हॉल हसला. “पूल ऱ्हावूं दे. माझं काय म्हणणं नाय. पण साहेब, सत्तावीस वर्षं मी मुंबईत लिफ्ट चालवली. हजारो माणसं वर नेली. एका माणसानं मला कधी विचारलं नाय, वर कशाला जायचं? कारण वर त्याचं हापिस होतं. इथं मला झुबेदाभाभीनं पहिल्याच दिवशी विचारलं, वर काय हाय? मी वर्षभर ईचार केला. वर काय हाय? वर खाली उतरायचा जिना हाय.”

हशा झाला, पण पहिल्यासारखा नाही. दवाखान्याची चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडणारी माणसं हॉलमध्येही होतीच.

“लोकांना वर जायचं नाय. त्यांना पलीकडं जायचंय. तुमी रस्त्यावर पांढरे पट्टे मारा, त्याच्या आधी गाड्यांसाठी एक उंचवटा घाला, आणि एक माणूस ठेवा शिट्टीवाला. पुलाचं आपलं पुलापाशी. तो फोटोला ठेवा.”

“आणि लिफ्ट?” खिडकीतून कोणीतरी विचारलं.

“पारव्यांचा संसार हाय तिथं,” केरू म्हणाला. “आता कशाला?”

ठराव तिथंच झाला असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि बरोबरच आहे. तो पाच महिन्यांनी झाला. मध्ये निवडणूक लागली, पट्ट्यांचा रंग पांढरा की पिवळा यावर वाद झाला, उंचवटा दोनदा घातला आणि एकदा उखडला. पण शेवटी पट्टे पडले. केरूचं नवं जाकीट आलं, पाठीवर पुन्हा ‘पादचारी मार्गदर्शक’. उभं राहून पाय दुखतो म्हणून झुबेदाने त्याला बाजारातून एक लाकडी स्टूल आणून दिलं. ते तो वापरत नाही, त्यावर अली चहा ठेवतो. चहा आता अलीच पलीकडून आणून देतो, केरूच्या शिट्टीवर.

पुलावर हल्ली माणसं असतात. कामाची नाहीत, लग्न ठरलेली. कोल्हापुरापासून जोडपी फोटो काढायला येतात, नवरी आंब्याखाली उभी राहून लाजते, फोटोवाले बाजाराच्या बाजूनेच कॅमेरा लावतात. ती समज आता सगळ्यांना आली आहे. नम्रताताई कुठल्याही समारंभात सांगतात की शहराला चेहरा मिळाला. समर्थ त्यांच्या शेजारी बसून मान हलवतो. घरी गेल्यावर तो अजूनही त्या देठावरून कुरकुरतो, असं त्याची आई सांगते.

गेल्या महिन्यात सावित्री केरूच्या शेवटच्या तपासणीला आली. डॉक्टरांनी पाय बरा झाला म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मला तो पूल बघायचाय. ज्याच्यापायी एवढं झालं, तो वरून बघू तरी.”

“बासष्ट पायऱ्या हायत.”

“आमच्या घराला डोंगर चढून जायचं असतंय. मला पायऱ्या सांगताय?”

मी दुकानातून बघत होतो. ती पुढे, तो मागे, कठड्याला धरून. वाटेत दोनदा थांबली. वर पोचल्यावर दोघं बराच वेळ दिसली नाहीत, मग आंब्याच्या बाजूला कठड्याशी दिसली. तिथून दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची बोटभर निळी पट्टी दिसते. सावित्री त्याच पट्टीकडे बघत होती. एक फोटोवाला जोडप्याला उभं करत होता. त्याने हात हलवून यांना बाजूला व्हायला सांगितलं. वरचा आवाज तिठ्यावर स्पष्ट ऐकू येतो. सावित्री म्हणाली, “आमचं लगीन आधी झालंय. आमी आधी बघू.” आणि तिथंच फतकल मारून बसली. शेजारी केरूही बसला, पाय सरळ पसरून. फोटोवाल्याने वाट बघितली, मग दुसऱ्या टोकाला गेला.

उतरायला त्यांना अर्धा तास लागला आणि तोवर गावची एसटी निघून गेली. पुढची गाडी येईपर्यंत दोघं माझ्या दुकानात बाकावर बसली. सावित्री मशीनकडे बघत होती. मला म्हणाली, “ह्यात नेमकं काय करतात?”

मी सांगायला लागलो. केरूने मला थांबवलं. त्याने तिचा हात धरून मशीनच्या काचेवर पालथा ठेवला, वर झाकण टेकवलं आणि मला म्हणाला, “दाब.” हिरवा उजेड तिच्या बोटांखालून सरकत गेला. ती दचकली, पण हात काढला नाही. कागद बाहेर आला. त्यात तिच्या तळहाताच्या सगळ्या रेषा होत्या, कोयत्याने कापल्याचा जुना व्रणही होता. तिने तो उलटसुलट करून बघितला, चार घड्या घातल्या आणि ब्लाउजमध्ये खोचला.

“चला,” ती म्हणाली, “गाडी आली.”